सावली भरणारा

इपोहहून पान येतं रात्री साडेअकराला,
तिकडे तेव्हा दोन वाजलेले असतात.
अझरुल पेन्सिलीने काढतो, मी शाई भरतो,
आणि छापून येतं तिसऱ्याच मुलखात,
जिथे आम्ही दोघंही गेलेलो नाही.

बारा वर्षं झाली. त्याचा आवाज मी चारदा ऐकलाय.
हात मात्र ओळखतो:
बोटं काढता काढता कंटाळतो,
करंगळी अर्ध्यात सोडतो.
ती मी पुरी करतो. बोलत नाही.

भुसावळात, जामनेर रोडच्या मागे,
वरच्या खोलीत पत्र्याखाली
मी ते थंड शहर उभं करतो.
तिथल्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या कशा असतात
मला काय ठाऊक;
मी यार्डाजवळची रेल्वेची टाकी ठेवून दिली,
गंजासकट.
तिच्यावर उभं राहून त्यांच्या नायकाने
तीन वेळा जग वाचवलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

संपादकाचं पत्र एकदाच आलं.
सावल्या फार काळ्या आहेत.
गोष्टीत डिसेंबर चालू आहे,
हा उजेड आणलात कुठून?

काय सांगणार. मे होता,
कूलरमधलं पाणी संपलेलं,
आणि बाहेर माणसाची सावली
पायाखालून निघायला तयार नव्हती.
अझरुलने परस्पर कळवलं:
आमच्याकडेही अशीच पडते. राहू द्या.
राहिली.

पुढे कुठल्याशा परीक्षणात त्याच सावल्यांचं कौतुक झालं.
नाव माझंच होतं, फक्त नेहेतेचं नहाटा झालेलं.
वडील म्हणाले,
'मंग आपलं कापडाचं दुकान कुठी हाय?'

ते वॅगन शॉपात होते. एकतीस वर्षं
टिनच्या साच्यावर पांढऱ्या रंगाचा ब्रश थापटून
डब्यांवर नंबर पाडले.
त्यांचं अक्षर गुवाहाटीला गेलं, कांडल्याला गेलं,
ते स्वतः मनमाडच्या पुढे दोनदाच, तेही लग्नाला.
माझी पुस्तकं ते उलटी-सुलटी चाळतात.
'हा उडते, ते ठीक.
पन पगार कोन देतं याले?'

यंदा मार्चात अझरुलचं शेवटचं पान आलं.
खाली दोन ओळी:
परक्यांच्या छात्या काढून हात भरून आला.
आता बापाची कथिलाची खाण काढणार आहे,
रंगीत नाही, मोठी नाही, बहुतेक कुणी घेणारही नाही.
तू?

एका अक्षराचा प्रश्न.
मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही.

कागद घेतला तर खाली पेन्सिल नव्हती कुणाची.
त्या शहरातले लोखंडी जिने
मी डोळे मिटून काढतो, पायऱ्यांसकट,
आणि समोरच्या गिरणीचा पट्टा
डावीकडून फिरतो की उजवीकडून,
ते बघायला रात्री खाली उतरलो.
गिरणी बंद होती.
सावद्याकडून केळीचा एक ट्रक आला,
वळणावर थांबला, ड्रायव्हरने विचारलं, 'काय हरवलं का?'
म्हटलं, हो. थोडं.

मग वॅगन काढली. तिच्यापुढे वाकलेला माणूस,
साचा धरलेला डावा हात,
आणि दुपारची सावली, बरोब्बर तळव्याएवढी,
तिला कुणी काही विचारू नये म्हणून आधीच काळी.
करंगळी अर्धी राहिली.
तिथे बराच वेळ नुसता बसून होतो,
जणू पुढचं भरायला कुणीतरी दुसरं येणार आहे.

सकाळी वडील चहाचा कप घेऊन वर आले.
चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, करंगळीकडेही नाही.
बोट टेकवत मोजत गेले डाव्यापासून.
'अकरा आकडे असता डब्यावर.
तू दहाच काढले.'

कोणता राहिला, मी विचारलं.

त्यांनी चष्मा मागितला.