फिंजान

गावाचं नाव सूर.
आले तेव्हा वाटलं होतं, इथे कुणी गात असेल.
होता खारा वारा, एसीची घरघर,
आणि आतल्या खोलीत खमीस बाबा,
दुपारचा घास गालात धरून बसलेले
संध्याकाळच्या बांगेपर्यंत.

दात नाहीत म्हणून नव्हे.
भूक नाही म्हणूनही नव्हे.
घास तोंडात आला की पुढे काय करायचं
तेच हरवलंय.
बाई स्वयंपाकघरात येऊन उभी राहते
आणि आठवत नाही काय घ्यायला आले,
तसा घास उभा राहतो जिभेवर.

आमच्याकडे ‘गिळ’ हा रागाचा शब्द.
गिळा एकदाचं, आई म्हणायची ताट आपटून
आम्हा पाचजणांना, मासळी न मिळालेल्या दिवशी.
तोच शब्द मी इथे दिवसातून दोनशेदा म्हणते,
कानाशी, हळू, नवस बोलावा तसा.
गिळा, बाबा. इब्ला, बाबा.
त्यांचा कंठमणी वर जाऊन खाली येईपर्यंत
माझाच आवंढा अडून राहतो.

पाठ ताठ. हनुवटी खाली. चमचा लहान, तोही अर्धा.
पाणी सगळ्यात घातकी,
वाट चुकून फुप्फुसात शिरतं.
म्हणून पावडर घालून ढवळायचं, मधाइतकं दाट.
चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या नाखव्याला
मी पाणी खायला घालते.

नासिर सांगतो, खजूर भरून ते आमच्या किनाऱ्याला यायचे,
परतताना कौलं न्यायचे.
माझ्या आजोबांनी कधी त्यांच्या गोणी उतरवल्या असतील.
नसतीलही.
विचारायचं कुणाला?

ठसका लागला की सगळं घर दाराशी.
मी पाठीवर हात ठेवून मोजत राहते.
शम्माला एकदा सांगितलं,
आमच्यात म्हणतात, ठसका लागला की
कुणीतरी आठवण काढतंय.
ती म्हणाली, बुश्बा, (‘प’ यांच्या ओठांवर येत नाही)
मग आजोबांनाही सांग ना,
त्यांनी आमची काढावी.

मागच्या वर्षी फोनवर आईचा खोकला ऐकत
मी वहिनीला म्हणाले होते,
हट्टी आहे ती. निजल्यानिजल्या भरव,
वरून पाणी ओत घोटभर.
हे सगळं मला शिकवलं तीन महिन्यांनी,
इथल्या दवाखान्यात, तक्त्यावर चित्रं दाखवून.
चित्रातली नळी निळी होती आणि वाट चुकलेला थेंब लाल.
मी मान हलवत होते. नर्सला वाटलं, समजलं हिला.

आता डॉक्टर पोटातल्या नळीचं म्हणतात.
नासिर रात्री ओसरीवर येरझाऱ्या घालतो,
चपलांचा आवाज थांबतो, पुन्हा सुरू होतो.

शुक्रवारी माणसं जमली. कहवा आला, वेलदोड्याचा वास आला,
बाबांनी बोट केलं.
मी त्यांच्या वाटचा घट्ट केला, निवू दिला.
एक चमचा. कंठमणी वर, खाली.
दुसरा. तिसरा बराच वेळ राहिला, मग गेला.
चौथ्याला त्यांनी तोंड फिरवलं,
तबकातला रिकामा फिंजान दोन बोटांत धरला
आणि हलवला. डावीकडे, उजवीकडे.
पाहुणे हलवतात तसा,
पुरे म्हणून.

सगळे हसले, माशाल्ला, हात विसरला नाही!
नासिर हसला नाही.
तो फिंजानकडे बघत होता.

मी चमचा ठेवला.
टॉर्च घेऊन तोंड तपासलं:
डावा गाल रिकामा, उजवा रिकामा, जिभेखाली काही नाही.
खाल्ल्यावर अर्धा तास ताठ बसवून ठेवायचं असतं.
माणसं गेली.
आम्ही तिघं बसलो.