कार्गोचा काटा

फॉर्मवर एक रकाना असतो: परत येण्याचं कारण.
दाऊद जुवळे, वय त्रेपन्न,
सोहार बंदराच्या गेटवरचे रखवालदार,
मुक्काम फलज अल कबाइल, खोली चौदा, सहा जणांत एक.
हृदय थकलेलं. घरी सोडलं, अकराव्या दिवशी परत.
मी लिहिलं, "पथ्य पाळत नाही",
सही केली आणि चहाला गेले.

पुन्हा सोडलं. नवव्या दिवशी
व्हीलचेअरवरून म्हणाले,
"बाय, माजं पाय बग, पावासारकं फुगलंत."
मी अंगठा दाबला. खड्डा पडला.
तो भरून यायला जेवढा वेळ लागला
तेवढ्यात ध्यानात आलं
की मी यांना आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता,
नुसतं सांगत आले होते.

"घरी सोडलं" म्हणतो आम्ही.
घर हर्णैला. इथे वरचा बंक,
लोखंडी शिडी, चार पायऱ्या,
आणि पिशवीत अरबी-इंग्रजीत छापलेला कागद,
ज्याची त्यांनी गोळ्यांसाठी पुडी केली होती.

या खेपेला सोडलं तेव्हा कंपनीच्या गाडीत मीही बसले.
मेसचा आचारी एकशेदहा माणसांची डाळ
एकाच पातेल्यात शिजवतो. म्हणाला,
मीठ कमी केलं तर एकशेनऊ जण मला सोडणार नाहीत.
बरोबर होतं त्याचं.

उशीखाली लघवीच्या गोळ्या. अठरा.
अकरा आणि नऊ, वीस दिवसांतल्या अठरा.
"पाचला बस सुटते, सवा तास. मदे थांबत न्हाय.
एकदा बाटलीत केली. पोरं हसली."
ते खिडकीकडे बघत बोलले.
मी माझी पेनाची टोपी उगाच उघडत-मिटत राहिले.

आणि रोज वजन करा म्हटलं होतं, ते?
"काटा कुटं हाय, बाय?"

काटा होता. रस्त्यापलीकडे मोइदीनच्या कार्गोच्या दुकानात,
जिथे माणसं ब्लँकेटं, साबणाच्या वड्या, खजूर,
चावीची क्रेन, न बघितलेल्या नातवाचे बूट
खोक्यात कोंबून, दोरीने आवळून
किलोच्या भावाने गावी धाडतात.
मोइदीन म्हणाला, दीडशेपर्यंत काहीही चालतं.
दाऊदभाई चपला काढून चढले,
देवळात नाही तर मशिदीत चढावं तसे,
हात शरीराला चिकटवून, पार्सलासारखे गप्प.

डॉक्टरांनी गोळी दुपारवर नेली, ड्यूटी सुटल्यावर.
खालचा बंक एका नेपाळी पोराने दिला, न मागता.
आचारी मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढतो,
शुक्रवारी बिर्याणी असली की विसरतो.

मोइदीनच्या वहीत आता असं असतं:
मलप्पुरम तेवीस किलो. चट्टग्राम एकतीस.
दापोली अठरा, नाजूक सामान.
दाऊदभाई अडुसष्ट.
एका रात्री त्याचा फोन: "सिस्टर, सत्तर पॉइंट सहा."
तीन दिवसांत अडीच किलो, आणि ते मांस नव्हे, पाणी.
डॉक्टरांना उठवलं, दोन दिवस गोळी वाढवली.
काटा पुन्हा खाली आला. खाट रिकामीच राहिली.

सगळ्यांचं असं होत नाही.
खोली एकोणीसचा एक जण सातव्या दिवशी परत आला.
काटा होता, वाटी होती, गोळ्या संपल्या होत्या.
त्याचा रकाना मी अजून कोरा ठेवलाय.

त्रेचाळिसाव्या दिवशी दाऊदभाई आले,
चालत, ओपीडीच्या दारातून, हातात वर्तमानपत्राचं पुडकं.
अख्ख्या वॉर्डात वास सुटला.
मेव्हण्याने हर्णैहून आणलेले सुके बोंबील, खारवलेले.
"तू खा, बाय," म्हणाले,
"माज्या वाटणीचं बी."
आणि पुडकं देताना क्षणभर
हातात तोलून बघितलं.