एका

संस्थेचं पत्र आलं: इंग्रजी शिकवायला
परदेशी मुलगी, सहा आठवडे, शाकाहारी चालेल.
मी वरची खोली झाडली, गीझर दुरुस्त करून घेतला
आणि धरून चालले
की येईल ती रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलत येईल.

आली ती जॉर्जियातल्या कुताईसीची निघाली.
नकाशात शोधावं लागलं. काळ्या समुद्राच्या उजवीकडे.
नाव विचारलं तर म्हणाली, "एका."
मी थांबले. पुढे काहीच नाही.
एका काय? एका मुलीचं? एका गावाचं?
मराठीत हा शब्द एकटा उभा राहत नाही, बाई.
ती हसली. तिला वाटलं, मला नाव आवडलं.

बाबाजीपुऱ्यातली आमची मराठी शाळा
पट कमी म्हणून बंद झाली, त्याला सात वर्षं झाली.
त्याच इमारतीत, त्याच फळ्यापुढे,
जिथं एकतीस वर्षं मी ए, ॲन, द घोकून घेतलं,
तिथं आता ही. गळ्यात ओळखपत्र, "इंटर्न".
माझ्या गळ्यात कधी काही नव्हतं.
खडू होता, तो छातीत उतरला.

पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसले, सहज.
"धिस इज डॉग," ती म्हणाली. "डॉग इज ब्लॅक."
माझा हात लाल पेनासाठी पर्सकडे गेला.
"माय फादर इज टीचर. शी इज फिफ्टी."
मोईन घांचीनं वहीत उतरवलंसुद्धा.

रात्री खिचडी-कढीवर कळलं,
तिच्या भाषेत तो, ती, ते एकच,
आणि ए-द नाहीतच, आपल्यासारखे.
वडिलांना म्हणतात मामा.
"आमच्यात मामा म्हणजे..." मी सुरुवात केली
आणि दोघी इतक्या हसलो की खालून त्रिवेदी,
"टिपणीसबेन, बधुं बराबर छे ने?"

मग रोज साडेनऊला जिन्यात तिची पावलं.
उद्याचा पाठ घेऊन यायची. मी चष्मा लावून खुणा करायची.
संस्थेला सांगू नका, म्हणाली.
कशाला सांगेन? संस्थेनं मला
जेवणाचे पैसे ठरवून दिलेत, व्याकरणाचे नाहीत.

अडलं ते 'द'पाशी.
व्याख्या मी आयुष्यभर पाठ करून घेतली,
समजावली कधीच नाही.
समजावली ती ध्रुवी वसावानं,
विश्वामित्रीच्या काठावरची, वय नऊ.
पुराचं पाणी ओसरलं तर
यांच्या संडासाच्या दाराशी मगर.
"ए क्रोकोडाइल केम," ध्रुवी उभी राहून म्हणाली.
काका पत्र्यावर चढले, आजीनं मीठ ओवाळलं,
वनखात्याची गाडी येईस्तोवर चार तास
"द क्रोकोडाइल स्लेप्ट."
एकानं खडू खाली ठेवला. मी पेन.
"तुमच्या नदीत?" मुलांनी विचारलं.
"नो. ओन्ली वॉटर," ती म्हणाली, जराशी ओशाळून.

चौथ्या आठवड्यात, एका रात्री, एका तापली.
झोपेत देदा, देदा करत होती.
देदा म्हणजे आई, हे तोवर मला माहीत होतं.
मी ओ दिली नाही.
मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत राहिले.
सकाळी उठून तिनं आधी विचारलं,
आज शाळा किती वाजता.

गेली तेव्हा वही इथंच राहिली.
विसरली की ठेवली, कळायला मार्ग नाही.
शेवटच्या पानावर 'शी' खोडून 'ही',
पुन्हा खोडून 'शी'. कोणाबद्दल, ते लिहिलेलं नाही.
लाल पेन उघडलं होतं. तसंच बंद केलं.

काल परत पत्र. डिसेंबरपासून, दोन महिने, अंडी चालतील.
खोली झाडताना पलंगाखाली एक मोजा सापडला,
तो धुऊन वाळत घातला.
त्रिवेदींनी दोरीकडे बघून विचारलं,
"पेली छोकरी पाछी आवे छे?"
नाही हो, म्हटलं. एक मुलगा येतोय.
सध्या तरी 'ए'.