शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक माझ्याकडे.
दुसरं घेऊन ऑस्बर्ट गवतातून मागे मागे जातो,
धुक्यात आधी त्याचे बूट जातात, मग गुडघे,
मग नुसता आवाज येतो:
"अठ्ठावीस! घट्ट धर, व्हर्ना!"
काल चोवीस होते.

नोव्हा स्कॉशियाचा अख्खा हिवाळा त्यानं ही वर्कशॉप काढली,
उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर,
माझ्या शाळेतल्या फूटपट्टीनं.
भिंत खोडायची, हातभर सरकवायची, पुन्हा काढायची.
परवान्याच्या अर्जात एक रकाना होता: वापर कशासाठी.
त्यानं लिहिलं, सुतारकाम.
थोडं थांबून, आणि इतर.
कचेरीतल्या बाईंनी "इतर"भोवती गोल काढून कागद परत पाठवला.

पाया चार फूट खोल हवा.
इथली जमीन गोठली की फुगते,
वरचं घर खांद्यावर उचलून बघते.
चार फुटांखाली ती झोपलेली असते.

एल्सवर्थ निकल कुंपणावर कोपरं टेकून सांगतो,
आधी दार ठरव. बाकीचं मागून.
त्याच्या मामानं तळघरात होडी बांधली.
होडी देखणी झाली.
अजून तळघरातच आहे, बटाटे ठेवतात तिच्यात.
ऑस्बर्ट हसत नाही. खिशातून पेन्सिल काढतो,
दार दोन फुटांनी वाढतं.

मग तो मला करवतीची जागा दाखवतो.
करवत नाही, पालथी बादली आहे.
आठ फुटांची फळी, तो म्हणतो,
बादलीशी येईपर्यंत आठ फूट,
चिरून पलीकडे निघायला आणखी आठ.
रिकाम्या हातांनी नसलेली फळी ढकलत
तो बादलीवरून पुढे जातो, अगदी सावकाश,
शेवटी टोक खाली पडू नये म्हणून वाकतो.
फळीला स्वतःच्या दुप्पट जागा लागते.
बेचाळीस वर्षं मी गणित शिकवलं,
हे उदाहरण पुस्तकात नव्हतं.

दुपारी टेबलावर नकाशा.
कागद गुंडाळू बघतो, म्हणून कोपऱ्यांवर
साखरेचा डबा, माझा चष्मा, दोन बिजागऱ्या.
चष्म्याशिवायही मला काहीतरी खटकतं.
बाबांची शेड मला डोळे मिटून येते:
डाव्या हाताला खिडकी,
बाकाच्या डाव्या टोकाला शिकंजा,
रंधे, पटाश्या, गुण्या उजवीकडे, हात जाईल तिथं.
इथं सगळं उलटं. आरशात धरल्यासारखं.
चुकलास, असं मी म्हणणारच होते,
तोंड उघडलंही होतं, मास्तरणीचं तोंड.
ऑस्बर्ट चहा ढवळत होता.
डाव्या हातानं.

एकाहत्तर वर्षांचा आहे माझा भाऊ.
त्यातली पन्नास त्यानं बाबांच्या बाकाशी काढली,
स्वतःच्याच हाताच्या सावलीत रेघ मारत,
अंग पिळून रंधा ओढत.
"पोराला वळण नाही," बाबा म्हणायचे,
आणि पटाशी काढून त्याच्या उजव्या हातात द्यायचे.
पटाशीचं ठीक आहे.
मी किती पेन्सिली बदलल्या
ह्या हातातून त्या हातात,
मुलांकडे न बघता, फळ्याकडे तोंड करून?
नावं आठवायला बसले.
तिसऱ्या नावाला चहा गार झाला.

"काय?" तो म्हणाला.
"खिडकी," मी म्हणाले, "लहान वाटतेय. ही उजवीकडची."
त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग साखरेचा डबा उचलून
ती बाजू मोकळी केली.

संध्याकाळी पुन्हा गवतात. धुकं विरलेलं,
समोरची खाडी शिशासारखी.
पहिली खुंटी मी ठोकते म्हटलं,
आणि हातोडी डाव्या हातात घेतली.
तीन घाव गवतात गेले.
चौथा अंगठ्यावर.
तो काही बोलला नाही.
दोरी सैल सोडून उभा राहिला, वाट बघत,
खुंटी आत जाईपर्यंत.
वाकडीच गेली.
"आता टेप धर," म्हणाला.
"एकोणतीस."