दोरीवरच्या चादरी

एनेलेसीला आकडे येतात ते चादरींपुरते.
मला येतात ते वहीपुरते.
डोंगराखालच्या या इस्पितळात
आम्ही एकाच वर्षी लागलो,
ती धुण्याच्या दगडावर, मी नोंदणीच्या खिडकीत.

जून आला की इथे चिपेरोनी उतरते.
पाऊस म्हणावा तर पडत नाही,
धुकं म्हणावं तर भिजवतं,
दोन-दोन दिवस डोंगर जागेवर आहे की नाही कळत नाही.
त्याच दिवसांत बाया यायच्या
पाठीला मुलं बांधून.
रडणारी असली तर बरं.
न रडणाऱ्यांची नावं मी आधी लिहायचो.
टाळू बसलेली, डोळे आत गेलेले,
पोटाची कातडी चिमटीत धरली
तर सोडल्यावरही तशीच उभी.
एका खाटेवर तिघं.
'जुलाब' हा शब्द इतक्यांदा लिहिला
की पुढे पुढे वरच्या शब्दाखाली
नुसती दोन टिंबं द्यायला लागलो.

एनेलेसीच्या दोऱ्या तेव्हा चार होत्या,
निलगिरीपासून शवागाराच्या भिंतीपर्यंत.
काही वाळायचं नाही.
ओलं काढायचं, ओलंच अंथरायचं.
कोपरापर्यंत तिचे हात
कुणा दुसऱ्याचे वाटायचे.

मग एका वर्षी लशीचे खोके आले.
ती थेंबाथेंबाची नव्हे, एक लहानशी नळी,
गालाच्या आत हळूच पिळायची,
सहाव्या आठवड्यात एक, दहाव्यात एक.
मुलं तोंड वाकडं करायची
आणि मग ओठ चाटायची.
टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
रांगेत बाया भोपळ्याच्या पाल्याचा भाव बोलत होत्या.

पुढचा जून गेला. त्याच्या पुढचा.
वहीत मला काही दिसलं नाही,
लिहिणाऱ्याला कुठे दिसतं.
खिडकीशी एनेलेसीच आली:
'लायसन, पोरं दुसरीकडे धाडताय का?
तीन दोऱ्यांत भागतंय.'

खूप नंतर शहरातून दोघं जण आले,
जुन्या वह्या मागितल्या, आठवडाभर मोजत बसले,
आणि कागदावर एक रेघ काढली
उजवीकडे उतरत जाणारी.
मी म्हणणार होतो, बाहेर या,
ही तर आमच्या अंगणात टांगलेली आहे.
म्हणालो नाही. चहा दिला.

अजून येतात, खोटं कशाला बोलू.
गेल्या गुरुवारी एक आलाच,
दोन्ही नळ्या घेतलेला.
तिसऱ्या दिवशी आईच्या बोटावरची लापशी चाटत घरी गेला.
एनेलेसीच्या चौथ्या दोरीच्या खांबावर
आता घेवडा चढलाय.

काल तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
'माझा आहे का रे तुझ्या वहीत?'

यांखो. आमच्या भाषेत याचा अर्थ उत्तर.

लशीच्या चार वर्षं आधीची वही,
वाळवीने कडा खाल्लेली.
पान सापडलं. अक्षर माझंच.
वय आठ महिने. पहाटे चार.
त्या दिवशीची चादरही तिनेच धुतली असणार,
हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.
आजाराच्या रकान्यात
नुसती दोन टिंबं.

तिने त्यांवर बोट ठेवलं. 'हे काय?'
'वर आहे तेच,' मी म्हणालो.
'वर काय आहे?'
वरही टिंबं होती.
त्याच्या वरही.
मग मी एकेक नाव मोठ्याने वाचत गेलो,
बोट तिचं, आवाज माझा,
पानाच्या माथ्याकडे.
शब्द सापडेपर्यंत
अकरा मुलं झाली.

बाहेर भुरभुर लागली होती.
ती उठली, चादरी काढायला गेली.
सात होत्या.