जुन्या बाजारातली जॉयस्टिक

जुन्या बाजारातून दोनशेला आणलेली जॉयस्टिक
डावीकडे किंचित ओढते.
त्यामुळे धायरीच्या या खोलीतून
माझं प्रत्येक यान शनीकडे झुकतं.

खेळ चांगलाय, खोटं कशाला बोलू.
इंजिन बंद केलं तरी यान जातच राहतं,
हे त्यांनी अचूक पकडलंय.
काचेवरचे ओरखडेसुद्धा.
पण पोकळीत स्फोटाचा आवाज येतो,
आणि साथीदार मेला की
पुढच्या मोहिमेत तोच, त्याच आवाजात:
"मागे आहे मी, घाबरू नकोस."

निनाद असं कधी म्हणाला नाही.
तो म्हणायचा, "सरक, मला खेळू दे."

गुरुवारी वीज जाते.
पडदा काळा, खरा काळा,
एकही तारा नाही.
हात मात्र अजून
डावीकडची ओढ सावरतोय.