कव्हर

घोडपदेवला पिठाच्या गिरणीवर एक खोली.
खाली जातं घरघरतं,
वर कुणालाच सांगता येत नाही
बोर्डावरची पांढरी भुकटी बोरिकची की ज्वारीची.

त्या खोलीत अकराव्या वर्षी मी म्हणाले होते,
तुम्हा सगळ्यांना हरवते.
तोवर स्ट्रायकरला हातही लावला नव्हता.
पाच बाप्ये हसले.
सहावे चेंबूलकर सर. म्हणाले, बस.

सर पालिकेत चावीवाले.
पहाटे चारला रस्त्यातलं झाकण उघडून
लांब लोखंडी चावी फिरवायचे,
की अख्ख्या उताराला पाणी.
हंडे भरणाऱ्या बायकांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.
मला वाटायचं, कसं चालतं या माणसाला?
मला तर वहीच्या पहिल्या पानावर
माझं नाव दोनदा लागायचं.

आता सत्काराला बोलावतात, माईक देतात,
विचारतात श्रेय कुणाला.
मी म्हणते आई, सर, मेहनत.
खोटं नाही ते. पण अर्धं.
उरलेलं अर्धं त्या पोरीचं
जिला काही येत नव्हतं
आणि कसली शंकाही नव्हती.

तिनंच घालवली ती फायनल.

समोर ओरलेमची फ्लेव्हिया फर्टाडो.
तेवीस–एकोणीस.
माझ्या तीन सोंगट्या, आणि राणी.
बाविसाच्या पुढे राणीचे गुणसुद्धा मिळत नाहीत,
तिला नुसतं घ्यायचं आणि झाकायचं.
सरळ कट होता.
शेंबड्या पोरानंही मारला असता,
म्हणूनच मला तो नको होता.
दोन भिंतींवरून मारली.
राणी गेली. मागून कुणीतरी शिट्टी घातली.
त्या शिट्टीत मी किती वेळ होते कोण जाणे,
खाली पाहिलं तर कव्हरची सोंगटी
काळीच्या आड जाऊन बसलेली.

चुकलं.
फ्लेव्हियानं राणी दोन बोटांनी उचलून
मधल्या वर्तुळात ठेवली, हलकेच,
झोपलेलं मूल ठेवावं तशी.
मग सगळं सरळ मारत गेली.
तीन सोंगट्या, तीन राणीचे. पंचवीस.

परतताना बसमध्ये सर एवढंच म्हणाले,
शिट्टी कुणी घातली, बघितलंस का?
नाही.
मीपण नाही.

पुढची दोन वर्षं मी शहाण्यासारखी खेळले.
प्रत्येक सोंगटीला मनात विचारायचे, चालेल ना?
पहिल्याच फेरीत बाद व्हायचे,
ज्यांना झोपेत हरवलं असतं त्यांच्याकडून.
लोक म्हणाले, पोरगी सुधारली, नम्र झाली.
सर मात्र चिडले. पहिल्यांदाच.
चावी अर्धी फिरवलीस, म्हणाले,
तर वरच्या मजल्यावर चढेल का पाणी?

कुठवर फिरवायची, ते नाही सांगितलं.
त्या पुढच्या दोन ट्रॉफ्या गिरणीवरच आहेत,
पीठ बसून सारख्याच रंगाच्या झालेल्या.
सर नाहीत.

आता दारूखान्यातून शबनूर येते, नऊ वर्षांची,
नखांत गंज, बापाच्या भंगाराचा.
पहिल्या दिवशी मला म्हणाली,
शिकवू नका, माझ्याशी खेळा.
माझ्याच घशातून निघाल्यासारखं वाटलं,
आणि थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

काल तिनं राणी घेतली.
सरळ सोडून, दोन भिंतींवरून.
आणि बोर्डाकडे न बघता
माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावून.

खेळ चालू असताना बोलायचं नसतं.
पण शिट्टी मला येते. छान येते.
ओठांपर्यंत आलीही होती.
मी पावडरच्या डब्याचं झाकण लावत बसले,
ते लागलेलंच होतं.

खाली जातं थांबलं.
तिनं जरा वाट पाहिली.
मग तिची नजर माझ्यावरून सुटली
आणि बोर्डभर फिरू लागली,
काही तरी शोधत.